सोलरची डबी मी निवडली

ती डबी मी निवडली. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्याकडं काही चांगलं झालं की ते मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, केलेलं असतं आणि वाईट झालं की माझ्यामुळं. इतकी वर्षं झाली, मालक अजून पाहुण्यांना सांगतात, 'आम्ही तेव्हा जालन्याहून कंट्रोलर आणला.' आणला, खोटं कशाला बोलू? भोकरदनच्या एसटीत मांडीवर घेऊन बसले ते तेच. पण तीन दुकानं पालथी घालून कोणता घ्यायचा आणि कोणता नाही हे ज्या बाईनं ठरवलं, ती शेजारच्या सीटवर बसली होती.

सोलरचं पॅनल आणि बॅटरी यांच्या मधोमध बसतो तो चार्ज कंट्रोलर. आमच्या घरात त्याला कुणी कंट्रोलर म्हटलं नाही. डबीच.

आमचं गाव पिंपळगाव रेणुकाई. गावातलं घर भरलेलं होतं. सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांची तीन पोरं, आम्ही दोघं आणि आमच्या दोन मुली. मी शिवणकाम करायची. माझी मशीन ओसरीत होती आणि ओसरी सगळ्यांची होती. सकाळी मशीनवर पापडाची ताटं, दुपारी पोरांची दप्तरं, संध्याकाळी कुणाची तरी टोपी. एकदा एका नवरीच्या ब्लाउजवर दही सांडलं आणि वर मलाच ऐकवलं की बाई, तू मधे कशाला बसतीस? मग मका राखायला म्हणून मालकांनी मळ्यात विहिरीजवळ पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या, तेव्हा मी मुली आणि मशीन घेऊन सरळ तिकडं गेले. गाव तिथून अडीच किलोमीटर. पण दार माझं, चूल माझी आणि मशीनला खिडकी. पहिल्या दिवशी मी त्या खिडकीत बसून नुसतीच मशीन चालवली, कापड न घालता. वेड्यासारखी.

मामंजींना हे पटलं नव्हतं. मामंजी म्हणजे माझे सासरे. उंच, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. सुनेशी तर बोलायचेच नाहीत. आमच्याकडं सासरा सुनेशी तोंडावर बोलत नाही, आणि सूनही डोक्यावरचा पदर ढळू न देता भिंतीकडं बघून उत्तर देते. मला काही सांगायचं असलं की मामंजी म्हशीला सांगायचे. 'कुणी पेंड घातली न्हाई वाटतं तुला.' म्हैस बिचारी काय बोलणार? मी उठून पेंड घालायची.

विजेचे खांब ओढ्याच्या अलीकडंच थांबले होते, मळ्यापर्यंत आलेच नव्हते. पहिल्याच पावसाळ्यात दिवेलागणीला धाकटीच्या पायापासून हातभर अंतरावर घोणस निघाली. मालकांनी ती मारली, पण बातमी आमच्याआधी गावात पोचली. दुसऱ्या दिवशी मामंजी आले आणि म्हशीकडं बघून म्हणाले, "उजेड असंल तर राहा म्हनावं इथं. न्हाई तर बिऱ्हाड गावात आना. माझ्या नाती मला सापापुढं टाकायच्या न्हाईत."

त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. हेच तर वाईट होतं. चुकलं असतं तर मी भांडले असते.

तेव्हा सोलर म्हणजे आजच्यासारखं गल्लोगल्ली मिळत नव्हतं. मालकांच्या ओळखीचा एक माणूस शहागडला हायवेवर ट्रकचं सामान विकायचा. त्याच्याकडं कुठून तरी एक पंच्याहत्तर वॉटचं पॅनल आलं होतं. मालक गेले, पॅनल आणलं, ट्रकची एक बॅटरी आणली आणि वर त्याची अक्कलही घेऊन आले. "डायरेक्ट लावायचं," मालक म्हणाले. "पॅनलची तार बॅटरीला, बॅटरीची तार दिव्याला. मधी काही न्हाई. तो म्हनला, ट्रकला कुठं असती डबी?"

लागले की दिवे. दोन दिवे आणि एक लहानसा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, बॅटरीवर चालणारा. दिवाळी झकास गेली. मग उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा ज्यानं पाहिला नाही त्याला काय सांगू? एप्रिलमध्ये बॅटरीतून बुडबुडल्याचा आवाज येऊ लागला, भात शिजतो तसा. मे महिन्यात तिच्या बाजू फुगल्या आणि खोलीत असा आंबट वास सुटला की डोळे चुरचुरायला लागले. दिवे आधी पिवळे झाले, मग तांबडे, मग गेले. अति तिथं माती म्हणतात ते काही उगीच नाही.

मामंजी आले. फुगलेली बॅटरी बघितली. या वेळी म्हैस चरायला गेलेली होती, म्हणून ते विहिरीच्या कठड्याला म्हणाले, "अजून एक डाव बॅटरी घ्या म्हनावं. ही बी मेली तर मंग बोलायचं न्हाई. मशीन गाडीत टाकायची आन गावात यायचं."

मशीन गाडीत टाकायची. बिऱ्हाड म्हणाले असते तर चाललं असतं. पण ते मशीन म्हणाले. परत ती ओसरी, परत ते दही. त्या दिवशी मी ठरवलं की आता मालकांना एकट्याला पाठवायचं नाही. माणूस सोन्यासारखा आहे, पण दुकानदारानं 'साहेब' म्हटलं की विरघळतो.

जुन्या जालन्यात कापडाच्या घाऊक दुकानांच्या मागं एक बोळ आहे, तिथं एक चाचा बसायचे. मोटारीचं वायंडिंग, बॅटऱ्या, इन्व्हर्टर, सगळं करायचे. दाढी पांढरी, बोटं काळी. मी अस्तराचं कापड आणायला त्या बाजूला नेहमी जायची, म्हणून दुकान मला माहीत होतं. मालकांनी मेलेली बॅटरी खांद्यावरून उतरवली. चाचांनी तिची झाकणं काढली, आत टॉर्च मारली आणि मला जवळ बोलावलं. मालकांना नाही, मला.

"ये देखो बाई, पानी पूरा सूक गया. प्लेटां टेढ़े हो गए. इसको बिना कंट्रोलर के लगाए क्या?"

मी म्हटलं, "हो. ट्रकला कुठं डबी असती, असं सांगितलं होतं."

चाचा एवढे हसले की चष्मा नाकावरून घसरला. "ट्रक में भी कट-आउट होता बाई! उसके बगैर ट्रक की बैटरी भी मर जाती. जिसने बोला उसको किसी ने बताया नै होंगा."

मी मालकांकडं बघितलं. मालक रस्त्यावरच्या रिक्षा मोजायला लागले.

मग चाचांनी मला समजावून सांगितलं, आणि इतकं सरळ मला आजवर कुणी काही शिकवलं नव्हतं. बॅटरीचे मरण्याचे रस्ते दोन. एक, ती भरली तरी पॅनल वरून ओततच राहतं, आणि तिचं पाणी उकळून जातं. दोन, ती रिकामी झाली तरी आपण खालून ओढतच राहतो, आणि ती आतून बसते. चांगली डबी दोन्ही बाजूंनी पहारा देते. भरली की वरचं बंद करते, उतरली की खालचं. स्वस्तातली डबी फक्त वरचं बघते. आणि डबी केवढी घ्यायची, तर पॅनलच्या पाठीवर अँपिअर लिहिलेले असतात त्यापेक्षा चौथाई जास्तीची.

मी म्हटलं, "पॅनलच्या पाठीवर चार पॉइंट आठ लिहिलंय." येताना मी ते कागदावर उतरवून आणलं होतं. शिडी लावून पत्र्यावर चढून. मालकांनी खालून शिडी धरली होती, एवढं त्यांचं योगदान.

चाचांनी माझ्याकडं चष्म्याच्या वरून बघितलं. "तो छह का चल जाता."

"आणि पुढं अजून एक छोटं पॅनल लावलं तर?"

"तो दस का लो."

त्यांच्याकडं दहाची एक होती. राखाडी रंगाची, पत्र्याची, दिसायला काहीच नाही. तीन बारीक दिवे, हिरवा, पिवळा, लाल. मालक म्हणाले, "घे की मंग, जल्दी. एसटी जाईल." पण कापड घेताना मी कधी पहिल्याच दुकानात घेतलं नाही, तर ही डबी घेईन का? मी चाचांना तोंडावर सांगितलं, मी अजून दोन दुकानं बघून येते. त्यांना राग आला नाही. "बराबर है," म्हणाले.

पुढच्या रस्त्यावर काचेच्या काउंटरचं एक दुकान होतं. तिथला पोरगा मालकांना साहेब म्हणाला आणि संपलंच. माझ्याकडं बघायलाच तयार नाही. मी विचारायचं आणि त्यानं मालकांना उत्तर द्यायचं. त्यानं एक छोटी प्लॅस्टिकची डबी काढली. मी विचारलं, "यात खालचा कट आहे का?"

तो मालकांना म्हणाला, "साहेब, खालचा कट कशाला? लाइट मंद झाला की आपणच बटण बंद करायचं."

आपणच म्हणजे कोण? आमचे मालक? हौदात पाणी सोडून गप्पा मारायला बसतात आणि हौद वाहून कांद्याच्या वाफ्यात तळं होतं, ते? मी म्हटलं, "ए बाबा, विचारून मी राह्यले, पैसे माझ्या शिलाईचे, आणि उत्तर तू यांना देतोस? इकडं बघ." तेव्हा त्यानं बघितलं. मी ती डबी उलटी केली. कापड नेहमी उलट्या बाजूनं बघायचं असतं, सुलट बाजूनं सगळंच चकाकतं. मागं तारा कसायचे स्क्रू एवढेसे, पत्र्याचे. नखानं दाबलं तर हलले. मी ती परत काउंटरवर ठेवली.

तिसऱ्या दुकानात अगदीच वरच्या दर्जाचं काम. मोठी काळी पेटी, पुढं आकडे उमटतात, बटणं चार, बरोबर इंग्रजी पुस्तक. मालकांच्या तोंडाला पाणी सुटलं. "घेऊन टाकू," म्हणाले. "गावात असली कुणाकडंच न्हाई." आमच्या दोन दिव्यांना आणि एका टीव्हीला ती पेटी म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आणि त्या चार बटणांपैकी एक जरी दिराच्या पोरानं दाबलं तर ती परत जागेवर आणायला मी कुणाला बोलावू? मी विचारलं, बिघडली तर दुरुस्त कोण करतं? तो म्हणाला, पुण्याला पाठवावी लागेल. म्हटलं, ठेवा मग पुण्यालाच.

परत चाचांकडं. राखाडी डबी उलटी केली. पितळेचे जाड स्क्रू, दोन तारा एका जागी बसतील एवढी जागा, फ्यूज बाहेरून बदलता येणारा. मी म्हटलं, "ही द्या." चाचांनी एक गोष्ट माझ्याकडून पाठ करून घेतली, शाळेतल्यासारखी. "पहले बैटरी, फिर पैनल, आख़िर में बत्ती. उतारते वक़्त उल्टा. भूलना नै." मी मनात म्हटलं, हे काय विसरायचं? आधी परकर, मग साडी, वरून पदर. सोडताना उलटं. आजवर विसरलेली नाही.

डबी भिंतीवर मी बसवली. मालक नवी बॅटरी उचलून द्यायला होते. हिरवा दिवा लागला आणि मला खरं सांगायचं तर मुली झाल्या तेव्हा झाला होता तसा आनंद झाला. शिवण शिकले तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, लग्न ठरलं तेव्हाही नव्हतं. पण ही वस्तू मी विचार करून निवडली होती, आणि ती भिंतीवर बसून माझ्या घरावर पहारा देत होती.

आता माझी चूकही सांगते, नाहीतर म्हणाल बाई स्वतःचेच पोवाडे गाते.

आमच्याकडं घरात चांगली वस्तू आली की तिला कव्हर शिवतात. रेडिओला कव्हर, टीव्हीला कव्हर, शिवणयंत्राला कव्हर. शिंपीण असून माझ्या डबीला नाही, हे कसं दिसलं असतं? एका नवरीच्या ब्लाउजमधला जांभळा मखमलीचा तुकडा उरला होता. त्याचं मी कव्हर शिवलं, कडेनं सोनेरी लेस लावली, पुढं तीन दिवे दिसायला तीन काजं केली. आलेली प्रत्येक बाई म्हणायची, अगं बाई, किती गोड! मी फुगून जायची.

हिवाळाभर ठीक चाललं. मे महिन्यात दिवे लवकर जायला लागले. आठला लाल, मग साडेसातला, मग दिवे लागले न लागले तोच. दिवसभर आग ओकणारं ऊन आणि बॅटरी अर्धी. मामंजींच्या कानावर गेलं. ते आले आणि त्यांनी माझ्या मशीनवरून एकदा हात फिरवला, बैलगाडीत मावते का बघावं तसा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मामंजींवर नाही, त्या चाचांवर. मी डबी उतरवली, उलट्या क्रमानं, आणि कव्हरासकट जालन्याला नेऊन त्यांच्यापुढं आदळली. "तुम्ही मला फसवलं," म्हटलं. चार माणसं बघायला थांबली.

चाचांनी कव्हराला बोट लावलं. लेस बघितली. काजं बघितली. मग हळूच म्हणाले, "बाई, सिलाई बहोत उम्दा है. लेकिन मई के महीने में इसको रज़ाई कायको ओढ़ाए?"

डबीच्या पोटात उष्णता मोजायची सोय होती. हवा तापली की बॅटरीला कमी पाजायचं, म्हणजे तिचं पाणी उकळत नाही. आणि माझ्या मखमलीत ती बिचारी एवढी तापायची की तिला वाटायचं, बाहेर वणवाच लागलाय. म्हणून ती बॅटरीला अर्धपोटी ठेवत होती. डबी शहाणीच होती. वेडी मी. आलेली चार माणसं हसली, मीही हसले, कारण रडण्यापेक्षा ते बरं. चाचांची मी माफी मागितली. त्यांनी कव्हर मागून घेतलं, पानाच्या डब्याला घालतो म्हणाले. मला वाटतं घातलंही असेल.

कव्हर गेलं आणि चार दिवसांत बॅटरी भरायला लागली.

आता त्या रविवारचं सांगते. पावसाळा होता. चार दिवस सूर्य दिसला नव्हता, आणि गावातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळून आठवडा होत आला होता. नेमकी त्या दिवशी क्रिकेटची मोठी मॅच. गावात अंधार, आणि टीव्ही चालू कुठं, तर मळ्यात, आमच्याकडं. दुपारी दोनपासून माणसं यायला लागली. तीसएक असतील. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. पण खोटं बोलणार नाही, मला छान वाटत होतं. पाटलांच्या घरी वीज नाही, सरपंचाच्या घरी नाही, आणि या पत्र्याच्या दोन खोल्यांत आहे. मी दोन पातेली चहा केला आणि आधीच बजावलं, "लाल दिवा लागला की टीव्ही बंद पडंल. तवा मला बोलायचं न्हाई." सगळे हो हो म्हणाले. मामंजी खाटेवर बसले होते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

शेवटच्या चार ओव्हर राहिल्या आणि लाल लागला. टक् असा आवाज झाला, पडदा काळा.

असा गलका उठला की विहिरीवरची कबुतरं उडाली. "अरे! अरे काय झालं? लावा ना!" भाऊजी, म्हणजे माझे दीर, ताडकन उठले. त्यांच्या हातात चिमटे लावलेली तार तयारच होती. मला न विचारता कधी शोधून ठेवली होती कोण जाणे. "वैनी, सरका. डबी काढून दोन मिन्टं डायरेक्ट करतो. काई होत न्हाई."

दोन मिनिटांनी बॅटरी मेली नसती. हे मला आज कळतं, आणि तेव्हाही कळत होतं. पण गावात आधी सरकारी योजनेतून सोलरचे तीन दिवे आले होते, आणि तिन्ही असेच दोन मिनिटांसाठी डायरेक्ट होऊन मेले होते. ही तार एकदा लागली की परत निघत नाही. उद्या मालिकेसाठी लागते, परवा पाहुण्यांसाठी. आणि बॅटरी मेली की गाडीत मशीन कुणाची जाणार होती? भाऊजींची नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मी जाऊन बॅटरीच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिले. "हात लावायचा न्हाई."

"अहो वैनी, चार ओव्हर!"

"चार बॉल असले तरी न्हाई."

तीस माणसं. त्यात गावातली मोठी माणसं. मालक पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते. कुणीतरी मागून म्हणालं, "बाईचं राज्य आहे बाबा इथं." संताप असा आला होता की कानशिलं तापली. भाऊजी पुढं आले. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा मामंजींकडं वळून, भिंतीकडं नाही, म्हशीकडं नाही, त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले. पदर डोक्यावर होता की नव्हता हेही आठवत नाही.

"मामंजी, घरातली जवारी संपली आन दारात पावना आला, तर तुमी बियान्याची जवारी दळाया काढता का?"

मी थांबले नाही.

"शेजारून मागून आनता. उपाशी निजता. पन बियान्याला हात लावता का? सांगा."

मामंजी हळूहळू उठले, धोतर झटकलं, आणि भाऊजींना म्हणाले, "हात काढ तिथून."

"पन आबा, मॅच..."

"बियानं हाय ते. कळत न्हाई का? काढ हात."

भाऊजींनी तार खाली टाकली. एकेक करून माणसं उठली, चपला शोधल्या, कुणी पुटपुटलं, कुणी चहाचा कप उगाच जोरात ठेवला. वाटेत कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर निकाल कळला. आपण हरलो होतो. त्याचाही दोष गावानं माझ्यावरच टाकला. महिनाभर पाणवठ्यावर मला ऐकवलं गेलं की हिनं टीव्ही बंद केला म्हणून विकेटी पडल्या. मी म्हणायची, हो, पाडल्या.

त्या संध्याकाळी आम्ही कंदील लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडलं आणि तिन्हीसांजेला दिवे लागले. मामंजी आले होते. डबीसमोर बराच वेळ उभे होते, हात मागं बांधून. मशीनकडं त्यांनी पुन्हा कधी तसं बघितलं नाही आणि गाडीचं नाव काढलं नाही. ती बॅटरी सहा उन्हाळे चालली. दुसरं पॅनलही लावलं आम्ही, डबीला काही झालं नाही. मळ्यात वीज आली तोपर्यंत माझ्या दोन्ही मुली त्या दिव्यांखाली कॉलेजात जाण्याएवढ्या झाल्या होत्या. मशीन अजून त्याच खिडकीत आहे.

पण मला सांगायचंय ते पुढच्या दिवाळीतलं. गावात लोडशेडिंग वाढलं होतं. एका सकाळी मामंजी मळ्यात आले. म्हैस समोरच बांधलेली होती. तिच्याकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. मला म्हणाले, "सूनबाई, गावातल्या घरी बी सोलर बसवायचं म्हनतो. तू चल जालन्याला."

मालक म्हणाले, "मी येतो की आबा."

"तू कशाला?" मामंजी म्हणाले.

एसटीत ते पुढच्या सीटवर बसले, मी मागच्या. जालन्यात गल्लीतून ते पुढं चालले होते, मग एका वळणावर थांबले, कारण रस्ता त्यांना माहीत नव्हता. तिथून मी पुढं आणि ते मागं. असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. माझी पाठ ताठ झाली होती, आणि ती वाकवायची माझी इच्छाही नव्हती.

चाचांनी मामंजींचा फेटा, मिशा बघितल्या आणि उठून उभे राहिले. "आइए पाटील साब, तशरीफ़ रखिए. फ़रमाइए, क्या दिखाऊँ?"

मामंजी बसले नाहीत. म्हणाले, "मला काय इचारता? त्यातलं मला काई कळत न्हाई. आमच्या घरात ते हिला कळतं, हिला इचारा. मी नुसता पिशवी धराया आलोय."

चाचा माझ्याकडं वळले. "बोलो बाई." आणि मी, जिच्या तोंडाला सगळा भोकरदन तालुका भ्यायचा, मला शब्दच फुटेना. डोळे भरून आले आणि समोरच्या डब्या सगळ्या एकसारख्या दिसायला लागल्या. मामंजींनी घाई केली नाही. ती रिकामी पिशवी दोन्ही हातांत धरून ते उभे राहिले, माझं ठरेपर्यंत.